हांकेचा दंड कोणीं भरावा ?

गेल्या महिन्यांत माझा धाकटा पुतण्या अमेरिकेहून चार दिवस भडगांवीं येऊन गेला. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही सारी मंडळी ओसरीवर बसलों होतों. पलीकडच्या गल्लींत कोणाच्याशा हळदीचा ध्वनिक्षेपक इतक्या जोरानें चालू होता कीं, आमच्या दिंडीदरवाज्याची कडी आपोआप वाजत होती. अकरा वाजून गेले तेव्हां थोरल्या मुलानें ११२ क्रमांकावर तक्रार केली. पोलिसांची गाडी आली, गाणें थांबलें. गाडी गेली, आणि अर्ध्या तासांत गाणें पुनः सुरू झालें.

पुतण्या हंसून म्हणाला, "काका, आमच्या तिकडे कित्येक गांवांत ह्यावर एक नामी तोड काढली आहे. ठराविक मुदतींत एखाद्या घरीं ठराविक खेपांहून अधिक वेळां पोलिसांना यावें लागलें, कीं नगरपालिका त्या घराच्या मालकाला नोटीस धाडते, आणि पुढच्या प्रत्येक खेपेचा खर्च त्याच्याकडून वसूल करते. मग मालकच आपले भाडेकरू ताळ्यावर आणतो."

मंडळींना ही तोड फार पसंत पडली. थोरला मुलगा म्हणाला, हा नियम आपल्याकडे उद्यांच लागू व्हावा. आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनींहि, मान डोलाविली. सूनबाई तेवढ्या कांहीं बोलत नव्हत्या. पानांचा डबा उचलून आंत जातां जातां त्या म्हणाल्या, "पण मामंजी, पोलिसांना बोलावणारी त्याच घरांतली कोणी असली तर ?"

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. दादांनीं माझ्याकडे पाहिलें, आणि मीं त्यांच्याकडे. त्याचें कारण पुढें सांगतों. सूनबाईंच्या त्या एका प्रश्नानें मात्र माझी त्या रात्रीची झोंप गेली, आणि ह्या महिन्याच्या लेखाला विषय मिळाला.

प्रथम त्या नियमाची बाजू न्यायबुद्धीनें मांडली पाहिजे. पोलीसखातें सर्वांच्या करावर चालतें. एकाच घराच्या दंग्यापायीं गाडी व शिपाई रात्रभर अडकून पडले, तर त्याच वेळीं दुसरीकडे चोरी अगर अपघात झाल्यास तेथें पोंचावयास कोणी उरत नाहीं. शिवाय पुष्कळ मालक असे असतात कीं, घर एका गांवीं आणि स्वतः दुसऱ्या गांवीं. भाडें वेळेवर आलें म्हणजे त्यांचें कर्तव्य संपलें. घरांत जुगार चालतो कीं मद्यपान, ह्याची त्यांना वार्ताहि नसते. ज्यानें नफा घ्यावा त्यानें त्रासाचाहि वांटा उचलावा, हें म्हणणें वरकरणीं सयुक्तिकच आहे.

आपल्या कायद्यालाहि हें तत्त्व परकें नाहीं. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्यास आतां महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्यांत कोणीं स्वतःच्या कामासाठीं जादा पोलीस मागितले तर त्यांचा खर्च मागणाऱ्यानें द्यावा अशी तरतूद आहे. मोठमोठ्या क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे पैसे संयोजकांकडून घेण्याची रीत आहे ती ह्याच न्यायानें. आतां गंमत पहा. राज्य सरकारनें २०२३ सालीं ह्या सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर खालीं आणले, आणि ती सूट २०११ पासूनच्या मागील काळासहि लागू केली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयांत जनहितयाचिका दाखल झाली. लक्षाधीश प्रेक्षकांच्या करमणुकीच्या बंदोबस्ताला सूट असावी आणि गरिबाच्या हांकेला मात्र बिल लागावें, ही मागणी करतांना आपली जीभ थोडी तरी अडखळली पाहिजे.

माझें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यामुळें असा प्रश्न पडला कीं हात आपोआप जुन्या पोथ्यांकडे जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायांत नगराची व्यवस्था सांगितली आहे. घरमालकाला जबाबदार धरण्याची कल्पना तेथें आहेच. घरीं कोण पाहुणा आला आणि कोण गेला, हें मालकानें अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. न कळविल्यास त्या रात्रीं जो अपराध घडेल त्याचा दोष मालकाच्या माथीं. आणि कांहींच न घडतां रात्र सुखरूप गेली, तरी त्यानें तीन पण भरावे. त्याच अध्यायांत आगीचा नियम आहे. कोठें आग लागली असतां जो धांवून जाणार नाहीं, तो घरमालक असल्यास त्याला बारा पण दंड, आणि भाडेकरू असल्यास सहा पण. मालक आणि भाडेकरू ह्यांच्या ऐपतींतला फरक सुद्धां त्या चाणाक्ष पुरुषानें हिशेबांत धरला आहे. रात्रीं रस्त्यावर हिंडण्यास बंदी असे. परंतु सुईणीसाठीं, वैद्यासाठीं अगर आगीसाठीं बाहेर पडलेल्यास धरूं नये, अशीहि त्यानें सवलत ठेविली आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत तर आपला प्रश्न नेमक्या शब्दांत आला आहे. मदतीसाठीं कोणी आक्रोश केला असतां जो धांवून जात नाहीं, आणि कारण नसतांना जो आक्रोश करतो, त्या दोघांनाहि स्मृतिकार एकाच पंक्तीला बसवितो आणि दोघांनाहि शंभर पणांचा सारखाच दंड सांगतो. एक गोष्ट येथें प्रांजळपणें कबूल केली पाहिजे : त्याच वचनमालिकेंत अस्पृश्यतेच्या समजुतीवर उभारलेला एक दंडहि आहे, आणि तो आज निषिद्ध व निंद्यच होय. जुन्या ग्रंथांतून जें घ्यावयाचें तें पारखूनच घेतलें पाहिजे. परंतु हांकेच्या बाबतींतला हा तोल मला आजहि निर्दोष वाटतो. खोटी हांक मारणारा दंडास पात्र, आणि खरी हांक ऐकून घरांत बसणाराहि दंडास पात्र. खरी हांक मारणाऱ्यावर, किंवा ज्याच्या घरांतून ती उठली त्याच्यावर, दंड कोठेंहि नाहीं. कौटिल्यानें मालकाला दंड सांगितला तो मौनाबद्दल; आणि अमेरिकेंतील हा नवा नियम दंड सांगतो तो हांकेबद्दल. दोहोंमधलें अंतर वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

पोलिसांचा खर्च रहिवाशांच्या डोक्यावर बसविण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला नाहीं असें मात्र नव्हे. पूर्वीं खेडोपाडीं चोरी झाली कीं गांवच्या जागल्यावर जबाबदारी येई. त्यानें चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जावें, माग पुढच्या गांवांत शिरला तर तो त्या गांवच्या राखणदाराच्या स्वाधीन करावा, आणि माग लागला नाहीं तर नुकसान भरून द्यावें. आपल्या खानदेशांत हें काम बहुधा भिल्ल जागल्यांकडे असे. त्या पद्धतींत कठोरपणा होता, तरी एक शहाणपणहि होतें : दंडाचा धाक ज्याच्यावर, त्याच्याच अंगीं माग काढण्याची विद्या होती. पुढें औट्रम साहेबानें १८२५ मध्यें खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि तिचें ठाणें धरणगांवीं ठेविलें. गांवाची राखण हळूहळू सरकारच्या हातीं गेली, आणि तिच्याबरोबर खर्चाचा प्रश्नहि सरकारकडे गेला.

सरकारनें त्याचें उत्तर कायद्यांत लिहून ठेविलें. १८६१ च्या पोलीस कायद्यांत, आणि मुंबई इलाख्यापुरतें १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यांत, अशी योजना होती कीं, एखादा भाग अशांत ठरल्यास तेथें जादा पोलीस बसवावे आणि त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून घ्यावा. पुण्यास प्लेगच्या दिवसांत, २२ जून १८९७ च्या रात्रीं, रँड साहेबावर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू. परंतु शहरावर शिक्षेदाखल जादा पोलीस बसले, आणि त्यांचा भार सोसला तो पुणेकर गृहस्थांनीं. ज्यांच्या घरांत प्लेगच्या तपासणीचे सोजीर शिरले होते, त्यांनींच वर हाहि कर भरावयाचा ! १९४२ च्या आंदोलनांत तर सामुदायिक दंडाचा वेगळा वटहुकूमच निघाला. चांदा जिल्ह्यांतील चिमूर गांवावर एक लाख रुपयांचा दंड बसविण्यांत आला. दंग्यांत कोण होतें आणि घरांत कोण बसून होतें, ह्याची निवड करण्याची सरकारला गरज भासली नाहीं.

स्वराज्य आलें, तरी हें कलम गेलें नाहीं. १९५१ च्या कायद्यांतहि तें कायम राहिलें. राजस्थानांत झुनझुनू जिल्ह्यांतील कांहीं गांवें दरोडेखोरांना थारा देतात असें ठरवून तेथें जादा पोलीस बसविण्यांत आले, आणि खर्चांतून हरिजन व मुसलमान रहिवाशांना वगळण्यांत आलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १९६० मध्यें न्यायालयानें ही वगळणूक घटनाविरुद्ध ठरविली. कारण शांततेनें राहणारे लोक दुसऱ्याहि समाजांत होते, आणि केवळ धर्म वा जात पाहून कोणाला सोडणें व कोणाला धरणें समतेच्या हक्काशीं विसंगत होतें. ह्या निकालांतून सामान्य माणसानें घ्यावयाचा धडा सोपा आहे. अपराधी शोधण्याचे श्रम टाळून घर, गल्ली किंवा जमात पाहून पैसे वसूल करूं लागलें, कीं निरपराध्याच्या पदरीं दंड पडतोच.

आतां पुतण्याच्या अमेरिकेकडे वळूं. तेथील मिलवॉकी शहरांत तीस दिवसांत तीन वेळां पोलीस आले कीं घर उपद्रवी ठरे, आणि मालकाला नोटीस जाई. मॅथ्यू डेझमंड व निकोल वाल्डेझ ह्या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं तेथील २००८ व २००९ सालांतील नोटिसा तपासल्या आणि त्याचे निष्कर्ष पुढें प्रसिद्ध केले. त्यांना आढळलें कीं, जवळजवळ एकतृतीयांश नोटिसा घरांतल्या मारहाणीबद्दलच्या होत्या. म्हणजे पोलिसांना बोलावणारी बहुधा मार खाणारी स्त्रीच. आणि नोटीस मिळाल्यावर बहुतेक मालकांनीं काय केलें ? त्या भाडेकरूला घराबाहेर काढलें, किंवा पुन्हां पोलिसांना बोलावशील तर काढूं अशी ताकीद दिली. पेन्सिल्व्हेनियांतील नॉरिसटाउन गांवीं चार महिन्यांत तीन तक्रारींचा असाच नियम होता. तेथें २०१२ मध्यें एका बाईवर तिच्या जुन्या सोबत्यानें जीवघेणा हल्ला केला. घर जाईल ह्या भीतीनें तिनें पोलिसांना बोलाविलें नाहीं, शेजाऱ्यांनीं बोलाविलें. ती इस्पितळांतून परतली तों गांवचे अधिकारी तिला घराबाहेर काढा म्हणून मालकाच्या मागें लागले. ती न्यायालयांत गेली, आणि २०१४ मध्यें गांवाला तो नियम मागें घ्यावा लागला. पुढें २०२२ मध्यें सबंध देशाच्या कायद्यांत, आपल्या घरांतून मदत मागितल्याबद्दल कोणासहि शिक्षा होऊं नये, असा हक्क लिहिला गेला. सूनबाईंनीं पानांचा डबा उचलतां उचलतां जें विचारलें, तें समजावयास एवढ्या मोठ्या देशाला इतकीं वर्षें लागलीं.

परंतु अमेरिकेस हंसण्याचा अधिकार मला नाहीं. दादांनीं माझ्याकडे कां पाहिलें, तें आतां सांगतों.

ह्या गोष्टीला पंचवीस वर्षें होऊन गेलीं. आमच्या वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या तेव्हां भाड्यानें दिलेल्या असत. त्यांत एक जोडपें राहावयास आलें. नवरा कमावता, बोलावयास गोड, भाडें महिन्याच्या पहिल्या तारखेला. महिन्या-दीड महिन्यानें रात्रीं आंतून ओरडणें ऐकूं येऊं लागलें. पहिल्या वेळीं शेजारच्यांनीं पोलीसठाण्यास कळविलें. शिपाई आले, समज देऊन गेले. दुसऱ्या वेळीं ती स्वतःच धांवत आमच्या ओसरीवर आली आणि आमच्याच दूरध्वनीवरून तिनें ठाण्याला कळविलें. तिसऱ्या वेळीं गल्लीभर लोक जमले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा मला म्हणाले, "तीन पिढ्यांत ह्या वाड्याच्या दारांत पोलीस आला नव्हता. महिन्यांत तीनदां आला. मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत." मीं मान खालीं घातली. संध्याकाळीं जाऊन खोल्या रिकाम्या करण्यास सांगण्याचें काम मजकडे आलें, कारण गांवांत गुरुजी म्हणून माझा शब्द कोणी मोडीत नसे.

नवरा "बरें" म्हणाला. ती मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनें विचारलें, "गुरुजी, मी ओरडलें म्हणून का ?"

मीं उत्तर दिलें नाहीं. आठवड्याभरांत तीं दोघें गांवाबाहेरच्या मळ्यांतल्या एका खोलींत राहावयास गेलीं. आमच्या दारांत पुन्हां पोलीस आला नाहीं. घराण्याची अब्रू राहिली असें आम्हीं मानलें. वर्ष-दोन वर्षांनीं माझ्या पत्नीला ती बाजारांत भेटली. हिनें विचारलें, "आतां कसें आहे ?" ती म्हणाली, "आतां तिकडे पोलीस येत नाहींत. ऐकावयाला कोणी नाहीं ना." हिनें तें घरीं येऊन सांगितलें आणि पुढें दोन दिवस मजशीं धड बोलली नाहीं.

वाचकहो, कोणत्याहि नगरपालिकेनें आम्हांस नोटीस दिली नव्हती, आणि एका पैशाचा दंडहि मागितला नव्हता. नुसत्या लाजेच्या दंडानें आम्हीं एका हांक मारणाऱ्या बाईला ऐकणाऱ्यांपासून दूर लोटलें. त्या लाजेवर सरकारी बिलाची भर पडली तर माझ्यासारखे भिडस्त मालक काय करतील, हें मी अनुभवानें सांगूं शकतों. पोलिसांच्या खेपा खास कमी होतील. वहीवरचा आंकडा उतरेल, आणि अधिकारी समाधान पावतील. परंतु खेपा कमी झाल्या म्हणजे मार कमी झाला, असा हिशेब कोणत्याहि अंकगणितांत बसत नाहीं.

मग पुन्हां पुन्हां त्रास देणाऱ्यांचें करावयाचें काय ? माझ्या अल्पमतीप्रमाणें पोलिसांच्या खेपा तीन प्रकारच्या मानाव्या. स्वतःच्या नफ्यासाठीं किंवा समारंभासाठीं जो बंदोबस्त मागतो, त्यानें पुरा खर्च द्यावा. जो उपद्रव करतो, त्यानें दंड भरावा, मग तो मालक असो, भाडेकरू असो कीं वरबाप असो. आणि जो मदतीसाठीं हांक मारतो, त्याच्यापुढें कोणतेंहि बिल ठेवूं नये.

ह्यासाठीं नवा कायदाहि नको. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. ठराविक सणांपुरती सवलत सोडल्यास तो सर्वांना बांधतो. खोटी खबर देऊन सरकारी नोकराला राबविणाऱ्यास, १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही शिक्षा होऊं शकतात. याज्ञवल्क्याचा 'विनाकारण आक्रोश करणारा' तो हाच. जो वारंवार शांतता बिघडवितो, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे, आणि मुचलका मोडला तर त्यांतली रक्कम त्याच्याच खिशांतून जाते. पैसा योग्य खिशांतून काढण्याचा हाच सरळ मार्ग होय.

घरांतल्या मारहाणीविषयीं तर २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे. त्याअन्वयें स्त्रीला राहत्या घरांत राहण्याचा हक्क आहे, मग घर कोणाच्या नांवावर कां असेना. इतकेंच नव्हे, तर मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम न्यायालय देऊं शकतें. आम्हीं केलें तें ह्याच्या नेमकें उलट. आमच्या वेळीं हा कायदा नव्हता खरा. परंतु आम्हांला अडविलें तें कायद्याच्या अभावानें नव्हे.

घरें भाड्यानें देणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंति आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणें शेजाऱ्यांस उपद्रव देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध घराचा ताबा मागतां येतो. हा अधिकार वापरण्यापूर्वीं त्या घरांत उपद्रव देणारा कोण आणि सोसणारी कोण, हें एकदां दारांत जाऊन विचारावें. भाडेकरारांत "पोलीस आल्यास खोली सोडावी लागेल" असें कलम घालूं नये. आणि शेजारच्या भिंतीआडून आक्रोश ऐकूं आला, तर "त्यांच्या घरचें तें पाहतील" म्हणून कूस बदलूं नये. ११२ हा क्रमांक आहे, स्त्रियांसाठीं १८१ आहे; आणि त्याहिपूर्वीं आपण चार माणसें उठून त्या दारांत उभीं राहूं शकतों.

पुतण्या परत गेला. निघतांना मुलगा त्याला म्हणाला, "तुझ्या त्या बिलाचें इकडे कांहीं जमेलसें वाटत नाहीं." दादा ओसरीवर बसले होते. ते इतकेंच म्हणाले, "पुढच्या खोल्यांना पुन्हां भाडेकरू ठेवावयाचे झाले, तर दूरध्वनीची जोडणी आधीं त्यांच्याकडे द्या." हल्लीं दूरध्वनि प्रत्येकाच्या खिशांत असतो, हें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं. त्यांना काय म्हणावयाचें होतें, तें आम्हां सर्वांना कळलें होतें.